धूळपाटी, शिंपले आणि शिक्षकाचा हात

एखाद्या विषयात नवशिका असलेला माणूस 'धुळाक्षरे गिरवतो आहे' असे आपण आजही म्हणतो. ज्या धुळीतून हा शब्द आला ती पंतोजींच्या शाळेतली. लाकडी फळीवर विटेची बारीक पूड पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, चुकले तर हात फिरवायचा, की पाटी कोरी. कागद महाग, मुलाचा हात कच्चा. अशा वेळी चुकीची किंमत जवळजवळ शून्यावर आणणारे ते अस्सल तंत्रज्ञान होते. चुकण्याची मोकळीक हेच सर्जनाचे पहिले भांडवल, आणि ते या फळीवर फुकट मिळत होते. पण त्या धुळीत मुलाने मनातले काही काढावे, अशी अपेक्षा कोणी केली नाही. मुळाक्षरे, अंक, पाढे, पावकी-निमकी. पंतोजींनी घालून दिले तेच गिरवायचे. साधन मोकळे होते, रीत बांधलेली होती.

हीच धूळ पुढे समुद्रापार गेली. मद्रासच्या अनाथाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी इथल्या देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने लिहिताना पाहिली, ती पद्धत आपल्या शाळेत आणली आणि 1797 मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, ही त्यांची योजना. इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत ती पसरली, कारण थोड्या खर्चात शेकडो मुले ओळीने बसवता येत. मुलांच्या संख्येच्या दृष्टीने तो मोठा विजय होता; पण वाळू तिथेही आज्ञेबरहुकूम अक्षर काढण्यासाठीच होती. भावी शिक्षकाने इथे थांबून पाहावे: साधन स्वस्त आहे, सर्वांपर्यंत पोचते, पुसता येते, एवढ्याने वर्गात नवे काही जन्मत नाही.

ते कसे जन्मते हे ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला दिसले. ताराबाई मोडक यांनी भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते, इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींच्या पद्धतीतला लहान मुलाविषयीचा आदर त्यांना मनापासून पटला होता. अडचण साहित्याची होती. ते लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगीत पट्ट्या खेड्याला परवडण्यासारख्या नव्हत्या. 1945 मध्ये त्यांनी अनुताई वाघांसह बोर्डीत बालवाडीचे काम सुरू केले, पुढे ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे शिंपले, खडे, बिया, पाने, माती हेच साहित्य झाले. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने मांडलेले शिंपले मुलाच्या नजरेला आणि बोटांना तेच शिकवतात जे महागडे ठोकळे शिकवतात. शिवाय ते मुलाने स्वतः वेचलेले असतात. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरे राखणाऱ्या मुलांना येणे शक्य नव्हते, तेव्हा कुरणशाळा निघाली. या दोघींनी तंत्र नाकारले नाही. त्यांनी ते उलगडून पाहिले, त्यातला हेतू उचलला आणि वस्तू बदलली. मला सर्जनशीलता नेमकी इथे दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शहरातल्या मुलाला संगणक आणि पाड्यावरच्या मुलाला खडे, हा न्याय कसा? टंचाईचे गोडवे गाणे निर्दयपणाचे ठरेल. संगणक, इंटरनेट, पडद्यावरचे धडे पाड्यावर पोचलेच पाहिजेत. खड्यातून दूरचे ग्रंथालय उघडत नाही. पण कोसबाडचा आधार मी गरिबीसाठी घेत नाही, साधन बदलण्याच्या शिक्षकाच्या अधिकारासाठी घेतो. दुसरा आक्षेप असा, की ताराबाई आणि अनुताई असामान्य होत्या. सामान्य शिक्षकाकडून ही अपेक्षा कशी करावी? त्या असामान्य होत्या हे खरेच. तरी शिंपल्यांचा क्रम लावून घेण्याला असामान्य बुद्धी लागत नाही, तसे करण्याची मुभा आणि थोडा वेळ लागतो. तयार धडा पडद्यावर चालू करून बाजूला उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला आपण या दोन्ही गोष्टी देत नाही. मग नवा पडदाही धूळपाटीच होतो, आणि तीही हात फिरवून कोरी न करता येणारी. ज्या वर्गात शिक्षक त्या धड्याचा क्रम मोडू शकतो, त्यात गावच्या ओढ्याचे चित्र घालू शकतो, मुलांकडून नवा धडा घडवून घेऊ शकतो, तिथे त्याच पडद्यासमोरचे काम कोसबाडच्या अंगणाशी नाते सांगते.