अठ्ठावीस आणि एकोणतीस

भविष्य सांगायच्या पत्त्यांचा ‘लेनोर्मां’ नावाचा एक युरोपीय संच आहे. एकूण पत्ते 36. बहुतेकांवर साध्यासुध्या गोष्टी: घर, जहाज, किल्ली, कुत्रा, शवपेटी. पण 28व्या पत्त्यावर एक पुरुष आहे आणि 29व्यावर एक बाई. घोडेस्वार आणि लहान मूल हीसुद्धा माणसंच. पण घोडेस्वार म्हणजे बातमी, मूल म्हणजे नवी सुरुवात. 28 आणि 29 मात्र शुभही नाहीत, अशुभही नाहीत. प्रश्न विचारणारा माणूस पत्त्यांमध्ये नेमका कुठे उभा आहे, एवढंच ते दाखवतात.

मादाम लेनोर्मां ही पॅरिसची गाजलेली भविष्यवेत्ती. ती 1843 साली वारली आणि त्यानंतर तिचं नाव या पत्त्यांना चिकटलं. चित्रं आली न्यूरेंबर्गच्या योहान कास्पर हेख्टेलच्या ‘आशेचा खेळ’मधून. हा खेळ साधारण 1799 चा. पत्ते सहा बाय सहाच्या चौकोनात मांडायचे, फासे टाकायचे, सोंगट्या पुढे न्यायच्या. काही घरं पुढे ढकलतात, काही मागे खेचतात. 35व्या घरातल्या नांगरावर पोचलात की जिंकलात. थोडक्यात, आपल्या सापशिडीचा लांबचा भाऊ.

या खेळाच्या नियमांच्या शेवटी आणखी एक करमणूक सुचवली आहे. पत्ते पिसून आठ-आठच्या चार ओळी लावा, उरलेले चार खाली. विचारणारी बाई असेल तर 29पासून, पुरुष असेल तर 28पासून सुरुवात करा आणि आजूबाजूच्या चित्रांवरून एक मजेशीर गोष्ट रचा. म्हणजे इथे सोंगटी लागतच नाही. खेळणाराच पत्ता होतो.

ही कल्पना हेख्टेलच्याही आधीची. 1770 साली पॅरिसच्या एतेयाने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक छापलं. त्याच्या पद्धतीत 32 पत्त्यांना एक जादा पत्ता जोडलेला होता, विचारणाऱ्यासाठी. त्या पत्त्याला त्याने नाव दिलं स्वतःचंच!

हेख्टेलच्या पत्त्यांवर नेहमीच्या पत्त्यांची छोटी चित्रंही आहेत. पुरुषावर राजा आणि बाईवर राणी असेल असं वाटतं, पण तिथे आहेत बदामाचा आणि इस्पिकचा एक्का. बदामाचा राजा घरावर आहे, तर किलवरची राणी सापावर.

गंमत म्हणून सुरू झालेली ही मांडणी पुढे लोक गंभीरपणे वाचू लागले, आणि तिथे एक अडचण आली. बाईने विचारलं की 29 म्हणजे ती, आणि 28 म्हणजे आपोआप तिचा नवरा किंवा प्रियकर. जिचं प्रेम दुसऱ्या बाईवर आहे, तिने कुठला पत्ता उचलायचा? म्हणून हल्लीच्या अनेक संचांत एक जादा पुरुष आणि एक जादा बाई असते. जहाज, नांगर, शवपेटी दोनशे वर्षं तशीच आहेत. माणसांच्या पत्त्यांत मात्र भर घालावी लागली, कारण 1799 च्या दिवाणखान्यात विचारणारे फक्त दोनच प्रकारचे असतील असं गृहीत धरलं होतं.