मंत्रचळ्या कुत्र्यांची गोळी

लॅब्रॅडॉरसारखा दांडगा कुत्रा पुढच्या पायावरची एकच जागा तासन्‌तास चाटत बसतो. केस जातात, कातडी सोलवटते, जखम चिघळते. मलम लावा, पट्टी बांधा, गळ्यात प्लास्टिकचा कोन अडकवा. कोन काढला की जीभ पुन्हा तिथेच. नावाला हा त्वचारोग. पण अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या ज्युडिथ रॅपोपोर्ट यांना त्यात हात धुधुवून सालटी काढणारे आपले रुग्ण दिसले. थोडक्यात, मंत्रचळ.

माणसांच्या मंत्रचळासाठी क्लोमिप्रामीनला अमेरिकेत 1989 मध्ये मान्यता मिळाली होती. नैराश्यावरच्या इमिप्रामीनचं हे स्विस भावंड. रॅपोपोर्ट यांनी तेच चाटऱ्या कुत्र्यांना दिलं आणि 1992 मध्ये निष्कर्ष छापले. क्लोमिप्रामीनने चाटणं कमी झालं. त्याच घराण्यातल्या डेसिप्रामीनने फरक पडला नाही. माणसांतही नेमकं असंच घडत होतं. त्यामुळे ‘श्रीमंतांच्या कुत्र्यांचे चोचले’ म्हणून या गोळ्यांना हसणाऱ्यांनी जरा थांबावं. इथे कुत्रा बरा होता होता माणसाचा आजारही उलगडत होता.

त्याआधी पशुवैद्यांकडे औषधं नव्हती असं नाही. ॲसेप्रोमॅझीन होतं, माणसांच्या क्लोरप्रोमॅझीनचं नातलग. ते दिलं की घाबरलेला कुत्रा गपगार पडतो. मालक खूश. भीती मात्र आत तशीच राहू शकते, फक्त पळायला पाय साथ देत नाहीत. याला उपचार म्हणवत नाही.

1990च्या दशकाअखेरीस क्लोमिप्रामीन ‘क्लोमिकाम’ या नावाने खास कुत्र्यांसाठी आलं. मालक बाहेर पडताच दार ओरबाडणाऱ्या, रडून इमारत डोक्यावर घेणाऱ्यांसाठी. 2007 मध्ये त्याच त्रासावर, माणसांना नैराश्यासाठी देतात त्या फ्लुओक्सेटीनची बीफच्या चवीची, चघळायची गोळी आली. दोन्हींच्या मान्यतेत एक अट आहे: सोबत वागणुकीचं प्रशिक्षण हवंच. नुसती गोळी चारून मोकळं होता येत नाही.

शिवाय फ्लुओक्सेटीनचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेव्हा तुमचा कुत्रा फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरत असेल, तर वसुबारसेला धावपळ करू नका. गणपती उठले की पशुवैद्यांना गाठा, आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या त्याला परस्पर देऊ नका.