जोडीदार युरोपीय, पासपोर्ट भारतीय : व्हिसाचे नियम काय सांगतात?

धाराशिव – प्रतिनिधी

पतीकडे जर्मन पासपोर्ट आणि पत्नीकडे भारतीय, अशी जोडपी आता मराठवाड्यातील कुटुंबांतही आढळतात. नोकरीनिमित्त युरोपात गेलेल्या एखाद्या अभियंत्याने तेथील नागरिकत्व घेतले, की भारतीय नागरिकत्व कायद्याच्या (१९५५) कलम ९ नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. पत्नी मात्र भारतीयच राहते. अशा वेळी दोघांना मिळून युरोपात फिरायचे असेल तर पत्नीला व्हिसा लागतो का? उत्तर एका शब्दात देता येत नाही. गैरसमज मात्र दोन्ही बाजूंनी आहेत. कोणी व्हिसा लागतच नाही असे समजून विमानतळावर अडकतो, तर कोणी मोफत मिळणाऱ्या व्हिसासाठी शुल्क आणि कागदपत्रांचा गठ्ठा मोजून बसतो.

या विषयाचा मूळ आधार म्हणजे युरोपीय संघाचा २००४ चा ३८ क्रमांकाचा निर्देश. संघाचा नागरिक स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात जातो, तेव्हा त्याच्यासोबत किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या कुटुंबीयांनाही तेथे प्रवेशाचा हक्क या निर्देशाने दिला आहे. कुटुंबीय म्हणजे पती किंवा पत्नी, एकवीस वर्षांखालील किंवा अवलंबून असलेली मुले आणि दोघांपैकी कोणाचेही अवलंबून असलेले आईवडील. भारतीय नागरिकाला व्हिसा लागतोच, हा नियम यामुळे बदलत नाही. बदलते ते व्हिसा देण्याची पद्धत. तो मोफत आणि शक्य तितक्या लवकर, जलद प्रक्रियेने द्यावा, असे बंधन आहे. एरवी प्रौढ व्यक्तीच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. हॉटेलचे आरक्षण, बँकेचे विवरण, नोकरीचा दाखला, प्रवास विमा यांचा आग्रहही या कुटुंबीयांकडे धरता येत नाही. वैध पासपोर्ट, विवाहाचा पुरावा आणि जोडीदार सोबत येत आहे किंवा तेथे आहे हे दाखवणे, एवढे पुरेसे असते. पुणे-मुंबईतील व्हिसा केंद्रांचे सेवाशुल्क ही निराळी बाब आहे. मात्र अशा अर्जदारावर केंद्रामार्फतच अर्ज करण्याची सक्ती नसते. तो थेट वकिलातीकडे जाऊ शकतो.

यातली खरी मेख 'दुसऱ्या सदस्य देशात' या शब्दांत आहे. जर्मन नागरिकाची भारतीय पत्नी फ्रान्सला निघाली तर हा निर्देश लागू होतो. तीच पत्नी भारतातून जर्मनीला निघाली तर होत नाही. तेथे जर्मनीचा स्वतःचा कायदा. स्वदेशी परतणाऱ्या नागरिकाला परदेशी नागरिकापेक्षा कमी सवलत मिळावी, हे विचित्र वाटते खरे; पण नियम तसाच आहे.

या नियमाला पडलेला महत्त्वाचा अपवाद एका भारतीयाच्या नावाने ओळखला जातो. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये एका ब्रिटिश महिलेशी विवाह केला. १९८३ ते १९८५ या काळात दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि पुढे व्यवसायासाठी ते ब्रिटनला परतले. तेथे सिंग यांच्या वास्तव्याचा वाद उभा राहिला आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला मायदेशातही युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे, असा निकाल ७ जुलै १९९२ रोजी लागला. ब्रिटन आता संघात नाही, पण उरलेल्या सत्तावीस देशांना हे तत्त्व लागू आहे.

युरोपात राहणाऱ्या जोडप्यांसाठी कार्डाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. आयर्लंडचा नागरिक जर्मनीत नोकरी करत असेल, तर त्याच्या भारतीय पत्नीला 'संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचे' रेसिडेन्स कार्ड मिळते. अर्जापासून सहा महिन्यांत ते द्यावे लागते आणि सहसा ते पाच वर्षांचे असते. हे कार्ड असलेल्या पत्नीला पतीसोबत इतर सदस्य देशांत जाताना व्हिसा लागत नाही. कायमस्वरूपी वास्तव्याच्या कार्डालाही हीच सवलत असल्याचे युरोपीय न्यायालयाने जून २०२० मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणात एका विमान कंपनीने व्हिसा नसलेल्या प्रवाशाला आणल्याबद्दल झालेला दंड आव्हानित केला होता. उलट जर्मन पतीसोबत जर्मनीतच राहणाऱ्या पत्नीकडे जर्मन कायद्यानुसार दिलेला परवाना असतो. त्यावर शेंगेन क्षेत्रातील इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. मात्र शेंगेनबाहेरच्या आयर्लंडला जायचे तर आयरिश व्हिसा घ्यावा लागतो. पतीसोबत जात असल्यास तो मोफत असतो. संघाचे आयर्लंड आणि सायप्रस हे दोनच देश शेंगेनबाहेर आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले.

गोव्यात हा प्रश्न अधिक जुना आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्याने अनेक घरांत एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि दुसऱ्याचा भारतीय असतो. यांपैकी बरीच कुटुंबे पोर्तुगालऐवजी ब्रिटनला स्थायिक झाली. ब्रिटनमधील मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्यामुळे आता पोर्तुगीज नागरिकाच्या भारतीय पत्नीला लंडनला जाण्यासाठी ब्रिटनच्या स्वतःच्या नियमांनुसारच व्हिसा मागावा लागतो.

नातवंडाला भेटायला निघालेल्या आईवडिलांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. अपत्य किंवा त्याचा जोडीदार युरोपीय असला, तरी आईवडील त्यांच्यावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी मायदेशी नियमित पैसे पाठवल्याच्या नोंदी उपयोगी पडतात. स्वतःच्या शेतीवर किंवा निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या आईवडिलांनी साधा पर्यटक व्हिसाच मागावा.

वकिलातीला व्हिसा नाकारता येतो, पण तो फक्त सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा बनावट विवाह या कारणांवरून. नकार लेखी आणि सकारण असावा लागतो आणि त्याविरुद्ध अपिलाची सोय असते.

प्रत्यक्षात अडचण येते ती विवाहाच्या कागदावर. लग्नपत्रिका आणि छायाचित्रे पुरावा ठरत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. जोडीदार लग्नाआधीच परदेशी नागरिक असेल आणि विवाह विशेष विवाह कायद्यानुसार (१९५४) होणार असेल तर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्याआधी दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवे. सुट्टीवर आलेल्या वधू-वरांचे वेळापत्रक येथेच कोलमडते. परदेशात वापरायच्या प्रमाणपत्रावर राज्य पातळीवरील साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अ‍ॅपॉस्टिल घेतात. भारतात ही पद्धत २००५ पासून आहे. केवळ मराठीत असलेल्या दाखल्याचे भाषांतरही जोडावे लागते.

पासपोर्टवर माहेरचे नाव आणि प्रमाणपत्रावर सासरचे, मधले नाव कुठे वडिलांचे तर कुठे पतीचे, ही तफावत तर नेहमीचीच. धाराशिवकरांच्या बाबतीत तिच्यात आणखी एक भर पडली आहे. २०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलल्याने जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर धाराशिव असे दिसते. युरोपातील अधिकाऱ्याला ही दोन नावे एकाच गावाची आहेत हे माहीत असण्याचे कारण नाही. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर अर्जाला जोडणे त्यामुळे सोयीचे ठरते.