गोविंदा पथकाचे प्रशिक्षण

दहीहंडीसाठी मानवी मनोरे रचणाऱ्या गोविंदांची निवड, सराव व नेतृत्व. ठाण्यात टेंभी नाक्याची हंडी शिवसेना नेते आनंद दिघे यांनी सुरू केली. आज हे शहर दहीहंडीचे मोठे केंद्र आहे. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचून १३.३४ मीटर उंचीचा विश्वविक्रम केला.

अशा मनोऱ्यांसाठी अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. गोविंदा बहुधा नोकरदार वा विद्यार्थी असल्याने हा सराव रात्री चालतो. कोणाचा खांदा दुखावलेला आहे, कोण घाबरला की गप्प होतो, कोणाची कोणाशी जोडी जमते, हे प्रशिक्षकाला नावानिशी ठाऊक असावे लागते. तळाच्या थराला ताकद व संयम लागतो, मधल्या थरांना तोल आणि एक्क्याला, म्हणजे सर्वांत वरच्या गोविंदाला, चपळाई व खालच्यांवर पूर्ण भरवसा. पाय थरथरू लागलेला गोविंदा हेरून, हंडीचा मोह सोडून, थर वेळीच उतरवणे हे प्रशिक्षकाचे सर्वांत मोठे कसब होय. १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, अशी हमी राज्य शासनाने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिली. त्यामुळे एक्का निवडताना वयाची खातरजमा करणेही महत्त्वाचे ठरले.