बीप : आजारी संगणकाचा पहिला शब्द

सुटे भाग आणून घरीच जुळवलेला संगणक एके दिवशी सुरू होत नाही. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी पहिला पेच असा, की काय बिघडले हे सांगायचे कोणी? संदेश पडद्यावर यायचा तर प्रोसेसर, स्मृती आणि पडद्याचे कार्ड ही सगळी मंडळी धड हवीत. ज्यांच्यावर संशय, त्यांनाच साक्षीला बोलवायचे असा हा मामला आहे.

सुरुवातीच्या संगणकांना ही अडचण नव्हती, कारण त्यांच्याभोवती माणसे होती. अमेरिकेतील एनिॲक (१९४६) या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्यांतली एखादी वरचेवर जाई. त्यावर काम करणाऱ्या प्रोग्रॅमर स्त्रिया यंत्राच्या इतक्या जाणकार झाल्या होत्या की बिघाड जवळजवळ नेमक्या नळीपर्यंत शोधून काढत.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पीसी बाजारात आणला, तो घरातल्या नाही तर कार्यालयातल्या टेबलावर एकटाच बसणार होता. जाणकार शेजारी नाही, तेव्हा तपासणीचे काम यंत्रावरच सोपवणे भाग होते. त्यासाठी कायम स्मृतीत म्हणजे रॉममध्ये एक कार्यक्रम ठेवला गेला. ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’, थोडक्यात ‘पोस्ट’, हे त्याचे नाव. आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत तो ओळीन् ओळ छापला होता, त्यामुळे तपासणीचा क्रम आजही वाचता येतो.

तो क्रमच खरा पाहण्यासारखा आहे. आधी प्रोसेसर स्वतःला तपासतो : ठरावीक अंक आपल्या एका रजिस्टरमधून दुसऱ्यात फिरवतो आणि शेवटी तोच अंक हाती आला का ते पाहतो. नाही आला तर जागीच थांबतो. मग रॉममधील सर्व बाइटांची बेरीज. हातचे सोडून देऊन ती शून्य यावी अशी योजना आधीच केलेली असते. त्यानंतर पहिली १६ किलोबाइट स्मृती. ही खराब निघाली तर यंत्र मुकाट्याने बंद पडे, कारण पुढे तक्रार करायलाही थोडी स्मृती लागतेच! एवढे पार पडल्यावर पाळी येते पडद्याच्या कार्डाची. ते नादुरुस्त असेल तर एक लांब आणि दोन आखूड बीप. ध्वनिवर्धकाला ना स्मृती लागते, ना कार्ड, म्हणून ही भाषा निवडली गेली.

पडदा चालू झाला की बोलणे अधिक नेमके होई. उदाहरणार्थ, ‘०४१० २०१’. यातला २०१ म्हणजे स्मृतीचा दोष. ०४ म्हणजे चिपांची दुसरी रांग. १० हा षोडशमान अंक द्विमानात ०००१ ०००० असा होतो. उजवीकडून पाचव्या जागी १ आहे, म्हणून त्या रांगेतील पाचव्या बिटाची चिप वाईट. ती खोबणीतून उपटून दुसरी बसवायची. द्विमान पद्धत कशासाठी शिकायची असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हे उदाहरण जरूर ठेवावे.

पुढे इतर कंपन्यांनी आयबीएमसारखी यंत्रे बनवली आणि भाग सुटे मिळू लागले. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या भागांतून ‘असेंबल’ केलेले पीसी घरोघरी गेले. पण आता तंत्रज्ञही आपणच! त्यात अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स या बायॉस कंपन्यांच्या बीपांच्या बोली वेगवेगळ्या. १९८४च्या पीसी-एटीपासून मात्र एक सोय झाली. प्रत्येक पायरीला यंत्र एक क्रमांक ठरावीक पोर्टवर पाठवू लागले. दोन अंक दाखवणारे छोटे कार्ड लावले, की यंत्र कुठे अडकले ते कळे.

कार्ड नसले तरी एक युक्ती आहे. वीज तोडून स्मृतीच्या सगळ्या पट्ट्या काढाव्यात आणि मग यंत्र सुरू करावे. बीप ऐकू आली तर ती आनंदाची बातमी : प्रोसेसर आणि बायॉस जिवंत आहेत, एवढे तिने सिद्ध केले. (मदरबोर्डला ध्वनिवर्धक जोडलेला हवा, हे विसरू नये. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत धोकादायक भार राहतो.)

या पद्धतीला एक जागा दिसत नाही. पोस्टची तपासणी काही क्षणांची, आणि ती मिळणाऱ्या विजेवर विसंबलेली. २०००च्या आसपास बनलेल्या अनेक मदरबोर्डांतील कपॅसिटर सदोष द्रावणामुळे आत वायू साठून फुगले. विजेचा दाब डळमळू लागला. असा संगणक परीक्षा बिनचूक उत्तीर्ण होई आणि तासाभराने आपोआप बंद पडे. तिथे बीप नाही, क्रमांक नाही. डबीचे झाकण काढून डोळ्यांनी पाहायचे, की कोणाचे डोके फुगले आहे.

अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, स्मृती, पडदा, डिस्क. जो दिवा पेटून राहील तिथे यंत्र अडलेले. पहिल्या तीन पायऱ्यांचा क्रम १९८१च्या पुस्तिकेतही हाच होता.