फोनवर आवाज ठीक, एडिटिंगला घेतला की बिघडतो. असं का होतं?

गावच्या सप्ताहातलं दीड तासाचं कीर्तन मोबाइलवर शूट केलं. फोनवर लावून पाहिलं, सगळं नीट. कॉम्प्युटरवर एडिटिंगला घेतलं आणि अर्ध्या तासानंतर बुवांचे ओठ आधी हलायला लागले, शब्द मागून. कधी याहून वाईट होतं. टाइमलाइनवर चित्र येतं, आवाजाची पट्टीच येत नाही. आणि कीर्तन काही पुन्हा होणार नसतं.

पण घाबरून जायचं कारण नाही. अशा बहुतेक वेळा फाइलमधला आवाज शाबूत असतो, सॉफ्टवेअर तो चुकीचा वाचत असतं. म्हणून मूळ फाइल डिलीट करू नका आणि एडिटिंगमध्ये आवाज ऐकून झाल्याशिवाय मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा. तिथेही आवाज नसेल तर तो बहुधा रेकॉर्डच झालेला नाही. माइकची पिन नीट बसली नसेल, किंवा स्लो-मोशन मोड चालू असेल. अनेक कॅमेरे स्लो-मोशनमध्ये आवाज घेतच नाहीत. व्हीएलसीत सगळं ठीक असेल तर अडचण एडिटिंग सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे.

त्याआधी कानातले ब्लूटूथ हेडफोन काढा. ब्लूटूथवर आवाज मुळातच थोडा उशिरा पोहोचतो. फाइल बरोबर असूनही आवाज मागे वाटतो आणि माणूस तासभर नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. साधा वायरचा हेडफोन लावून पाहा.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत

मोबाइलच्या फुटेजमध्ये सर्वाधिक छळणारी अडचण हीच, आणि तिचं मूळ फ्रेम रेटमध्ये आहे. फोन सेटिंगमध्ये सेकंदाला 30 फ्रेम दाखवतो, पण प्रत्यक्षात तेवढ्याच टिपेल असं नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेम कमी करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. कोणती फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते आणि प्लेअर ती पाळतो. म्हणून फोनवर सगळं जुळलेलं दिसतं.

एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन मात्र सारख्या मापाच्या चौकटींची असते. समजा फोनने सरासरी 29.5 फ्रेम टिपल्या आणि सॉफ्टवेअरने 30 धरल्या. दहा मिनिटांत 17,700 फ्रेम झाल्या, त्या 590 सेकंदांतच संपतात. आवाज मात्र पूर्ण 600 सेकंद चालतो. म्हणजे दहा सेकंदांची तफावत. सुरुवातीला सगळं जुळतं आणि पुढे अंतर वाढत जातं, ही या दोषाची खूण.

एवढा फरक सोडा, कान त्याहून कितीतरी कमी पकडतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. उशिरा येणारा आवाज जास्त खपतो, कारण लांबचा फटाकाही आपल्याला आधी दिसतो, मग ऐकू येतो.

खात्री करायची तर मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं की कारण सापडलं. मग हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल घ्या, व्हिडिओच्या टॅबमध्ये 30 फ्रेम निवडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ला टिक करा आणि नवी फाइल बनवून तीच एडिटिंगला वापरा. फाइल नव्याने बनताना चित्राचा दर्जा किंचित उतरतो, म्हणून क्वालिटी चांगली ठेवा. प्रीमियर प्रोमध्ये अशा फायलींसाठी ‘प्रिझर्व्ह ऑडिओ सिंक’ ही सोय आहे. छोट्या क्लिपला ती पुरते. दीड तासाचं फुटेज असेल तर आधी रूपांतर केलेलं बरं.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर गोष्ट निराळी. दोन्ही यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत 20 इतका फरक असला तरी तासाभरात 72 मिलिसेकंद होतात. दर वीस मिनिटांनी आवाज कापून पुन्हा जुळवला की भागतं.

आवाज बारीक, चिरका येतोय

इथे सॅम्पल रेट तपासा. व्हिडिओचा आवाज सहसा 48,000 हर्ट्झचा असतो, सीडीचा 44,100. दुसरा पहिला समजून वाजवला तर दहा मिनिटांचं भाषण साधारण 9 मिनिटं 11 सेकंदांत उरकतं आणि वक्त्याचा गळा बदलतो. ऑडॅसिटीत आवाज 48,000 वर बदलून घ्या.

आवाजाची पट्टीच येत नाही

प्रीमियरमध्ये फाइल घेतल्यावर आवाजाची प्रक्रिया मागे चालू असते. ती पूर्ण होईपर्यंत शांतता असू शकते, थोडं थांबा. तरीही नाही आला तर मीडिया कॅशे रिकामा करून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा. दुसरं कारण कोडेक. लिनक्सवरचं मोफत डाविंची रिझॉल्व्ह एएसी आवाज वाचत नाही, आणि बहुतेक मोबाइल तोच वापरतात. आवाज वेगळा काढून वेव्ह फाइल बनवली की काम होतं.

जुन्या हँडीकॅमचं फुटेज असेल तर कार्डवरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. लांब शूटचे कॅमेरा तुकडे करतो आणि ते कसे जोडायचे याची माहिती त्या फोल्डरमध्ये असते. फक्त एमटीएस फायली उचलल्या तर जोडावर आवाज तुटतो. प्रीमियरमध्ये अशा क्लिप ‘मीडिया ब्राउझर’मधूनच घ्याव्यात.

आवाज एकाच कानात येत असेल तर ते बहुधा मोनो माइकमुळे. प्रीमियरमध्ये क्लिप मेनूतल्या ‘मॉडिफाय’मध्ये ‘ऑडिओ चॅनेल्स’, आणि रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप अॅट्रिब्यूट्स’ उघडून तोच चॅनेल दोन्ही बाजूंना द्या. क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी हे केलंत तर पुढचे कष्ट वाचतील.