श्वासाचे पाणी : फिरत्या घरातील ओलीचा इतिहास

१/ कॅम्पर व्हॅनमधून थंडीच्या दिवसांत प्रवास करणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. रात्री दारे-खिडक्या घट्ट लावून झोपावे, बाहेर पावसाचा थेंबही नसावा आणि पहाटे पाहावे तर काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत असतात. गादी खालून ओलसर, कपड्यांना कुबट वास, बिस्किटे सादळलेली. हे पाणी येते कोठून? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/ पाणी आपलेच असते. झोपलेला माणूस रात्रभरात साधारण पेलाभर पाणी श्वासावाटे आणि त्वचेवाटे हवेत सोडतो. मोठ्या घरात ही वाफ विरून जाते. गाडीच्या बंदिस्त पेटीत तिला जायला वाटच नसते. मग ती सर्वांत थंड पृष्ठभाग गाठते आणि तेथे पाणी होऊन बसते : काच, पत्रा, गादीखालची फळी.

३/ कॅम्पर नवा असला तरी हे दुखणे जुने आहे. महिनोन्महिने माणसांना पोटात घेऊन फिरणारे घर म्हणजे जहाज. अठराव्या शतकातील युद्धनौकेच्या खालच्या मजल्यावर शेकडो खलाशी एकमेकांना खेटून झोल्यांत झोपत. वादळात झरोके बंद होत. ओले कपडे, तळाशी साचलेले पाणी आणि माणसांचे श्वास यांनी आतली हवा जड होऊन जाई.

४/ या कोंदटपणावर इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशक-वैज्ञानिकाने १७४० च्या दशकात उपाय सुचवला. लोहाराच्या भात्यासारख्या यंत्राने खालची दूषित हवा बाहेर काढायची आणि ताजी आत घ्यायची. हे वायुवीजक पुढे जहाजांवर आणि लंडनच्या न्यूगेट तुरुंगातही बसवले गेले. बंदिस्त जागेतील हवा यंत्राने बदलण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

५/ त्या काळी ओल ही निव्वळ गैरसोय मानली जात नव्हती. ती प्राणघातक समजली जाई. लांबच्या सफरींत खलाशांना ग्रासणाऱ्या स्कर्व्ही रोगाचे एक मोठे कारण दमट हवा आहे, असा वैद्यांचा समज होता. गंमत अशी की, १७४७ मध्ये संत्री आणि लिंबे देऊन स्कर्व्हीचे रुग्ण बरे होतात हे प्रयोगाने दाखवणारा जेम्स लिंड हाही याच मताचा होता. १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्याने दमट हवेलाच मोठा दोष दिला.

६/ कॅप्टन जेम्स कुकने ही शिकवण कसोशीने पाळली. १७७२ ते १७७५ या दुसऱ्या सफरीत ‘रेझोल्यूशन’ जहाजाच्या खालच्या मजल्यांवर आठवड्यातून एकदा-दोनदा शेकोट्या पेटवून हवा सुकवली जाई. जहाजाच्या तळाशीही लोखंडी भांड्यात विस्तव ठेवला जाई. अंथरुणे आणि कपडे कोरडे ठेवण्यावर त्याचा कटाक्ष होता. ११८ जणांपैकी केवळ एक जण आजाराने दगावला, असे त्याने नमूद केले. या पद्धतीच्या वर्णनासाठी १७७६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले.

७/ मात्र वाफेचे पाणी नेमके कधी आणि कोठे होते, याचा नीट उलगडा व्हायचा होता. दव आकाशातून पडते असे अनेकांना वाटे. १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्सने आपल्या निबंधात दाखवले की, आधी पृष्ठभाग थंड होतो आणि मग जवळच्या हवेतील बाष्प त्यावर जमते. गवताच्या पात्याला लागू असलेला हा नियम जहाजाच्या भिंतीलाही लागू होता. पाचच वर्षांत त्याची कठोर परीक्षा झाली.

८/ १८१९ मध्ये विल्यम एडवर्ड पॅरी ‘हेक्ला’ आणि ‘ग्रायपर’ ही दोन जहाजे घेऊन उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून जाणारा सागरी मार्ग शोधायला निघाला. मेलव्हिल बेटापाशी समुद्र गोठला आणि जवळजवळ शंभर माणसे तेथे अडकली. जवळपास तीन महिने सूर्य उगवला नाही. बाहेरचे तापमान उणे ४५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेले. जहाजे म्हणजे आता बर्फात उभी असलेली लाकडी घरे होती.

९/ थंडी बाहेर होती; पाणी आत तयार होत होते. श्वास, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे, सारे तुळयांवर आणि झोपण्याच्या कप्प्यांवर जमून गोठत होते. शेगडीची ऊब वाढली की तेच बर्फ वितळून अंथरुणावर ठिबके. उबेपासून दूर, जहाजाच्या कडेला ज्याची झोपायची जागा, त्याच्या वाट्याला सर्वाधिक ओल.

१०/ १८२० सालच्या आरंभीच पॅरीला ज्या बातमीची धास्ती होती ती आली. ‘हेक्ला’वरील तोफांची जबाबदारी सांभाळणाऱ्या स्कॅलन या अधिकाऱ्याला स्कर्व्हीने गाठले होते. चौकशीत आढळले की त्याच्या झोपण्याच्या कप्प्यात बरीच ओल साचली होती. पॅरीने रोगाचे मूळ या ओलीतच मानले. त्याच्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे हा निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध होता.

११/ परंतु उपचारात त्याने आणखी एक गोष्ट केली. आपल्या खोलीत शेगडीच्या नळीलगत मातीच्या लहान पेट्या ठेवून त्यांत मोहरी आणि अळीव पेरले. होय, ज्याचे लाडू आपल्याकडे बाळंतिणीला देतात तेच अळीव. सूर्याविना उगवलेले ते कोवळे, पांढुरके कोंब रोज स्कॅलनला दिले जात. जोडीला लिंबाचा रस होताच. नऊ दिवसांच्या आसपास तो पुन्हा चालू-फिरू लागला.

१२/ स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे १९३० च्या दशकात निर्विवाद सिद्ध झाले. म्हणजे स्कॅलनला ओलीने आजारी पाडले नव्हते, आणि अंथरूण कितीही सुकवले तरी तेवढ्याने तो बरा झाला नसता. त्याला वाचवले ते लिंबाने आणि कोंबांनी. ओलीवर ठेवलेला आरोप खोटा होता. पण त्या आरोपाच्या धाकाने दर्यावर्दी ओलीचा जो बारकाईने अभ्यास करू लागले, तो मात्र खरा होता.

१३/ त्या अभ्यासाचे पुढचे पाऊल जॉन रॉसचे. १८२९ पासून आर्क्टिकमध्ये अडकलेल्या ‘व्हिक्टरी’वर त्याने वरच्या डेकला भोके पाडून त्यांवर लोखंडी टाक्या उपड्या ठेवल्या. खालची उबदार, दमट हवा वर चढे आणि टाकीच्या थंडगार पत्र्यावर गोठे. जमलेला बर्फ वेळोवेळी काढून टाकला जाई. वाफेला तिची स्वतःची थंड जागा दिली, की ती अंथरुणावर येत नाही. आजचे वाफ थंड करून पाणी गोळा करणारे आर्द्रताशोषक यंत्र याच तत्त्वावर चालते.

१४/ फ्रित्यॉफ नान्सेनने उलटा विचार केला : थंड जागाच शिल्लक ठेवायची नाही. त्याच्यासाठी कॉलिन आर्चरने बांधलेले ‘फ्राम’ १८९२ मध्ये पाण्यात उतरले. त्याच्या भिंतींत डांबरी नमदा, बूच, लाकूड आणि हवाबंद लिनोलियम यांचे थर होते. छतात रेनडिअरचे केसही भरले होते. वरच्या झरोक्याला तिहेरी काच होती. १८९३ ते १८९६ या सफरीत शेगडी पेटलेली असताना भिंतींवर ओलीचा मागमूसही नसे, अगदी झोपण्याच्या खोल्यांतही, असे नान्सेनने लिहून ठेवले आहे.

१५/ हे सारे नसले तर काय होते? १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी पाच आठवडे तंबूत राहिले. घाम आणि श्वास झोपण्याच्या पिशव्यांतच गोठत गेले. निघताना सुमारे ८ किलोची असलेली चेरी-गॅरार्डची पिशवी परतताना सुमारे २० किलोची झाली होती. ते जास्तीचे ओझे म्हणजे त्याच्याच शरीरातून निघालेले पाणी होते.

१६/ आता पुन्हा कॅम्परकडे वळू. या इतिहासातून चार गोष्टी हाती लागतात. हेल्स सांगतो, हवा बदलत ठेवा : थंड हवेत बाष्प फार थोडे मावते, म्हणून ती आत येऊन तापली की कोरडी होते. छताजवळची फट आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवणे याच कारणाने हिताचे. कुक सांगतो, ओले कपडे-अंथरुणे तशीच ठेवू नका. रॉस सांगतो, वाफ पकडा. नान्सेन सांगतो, उघडा पत्रा झाका आणि वाफ त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नका.

१७/ एक इशारा मात्र कुकच्या शेकोटीविषयी. गॅस जळताना पाणी तयार होते. एक किलो प्रोपेनपासून सुमारे १.६ किलो. म्हणून धुराडे नसलेली गॅसची शेगडी गाडी उबदार करते, पण कोरडी करत नाही. शिवाय बंद गाडीत ती कार्बन मोनॉक्साइडने जीव घेऊ शकते. झोपताना ती पेटती ठेवू नये.

१८/ आणि आपल्याकडचा अपवाद. कोकणात आषाढात गाडी उभी असेल, तर बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. खिडकी उघडून फारसे साधत नाही. तेथे रॉसची टाकी, म्हणजेच आर्द्रताशोषक यंत्र किंवा वातानुकूलन, अधिक उपयोगी. उपाय निवडण्यापूर्वी पाणी आतून येते आहे की बाहेरून, हे पाहावे लागते.

१९/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला स्कॅलनची हकिगत महत्त्वाची वाटते. पॅरीचा सिद्धांत चुकला, तरी रुग्ण वाचला. कारण पॅरीने एका उपायावर विसंबून न राहता अंथरुणाची ओलही पाहिली आणि अळीवही पेरले. पूर्वजांच्या चुकीच्या कारणमीमांसेला हसण्याआधी त्यांनी हाताने काय केले, हेही पाहायला हवे. उद्या पहाटे काचेवर ओघळ दिसले, तर पुसण्यापूर्वी क्षणभर ‘हेक्ला’ आठवा. धागा समाप्त.